इंजिनावरचे आकडे

गाईम्हशींच्या कानात हल्ली पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडे असतात. बाजारात जनावर उभे केले म्हणजे पूर्वी माणसे दात पाहत, शिंगे पाहत, कास पाहत. आता त्याबरोबर बिल्लाही पाहतात. बिल्ला नसला तर गाय काही दूध कमी देत नाही. पण ती कोणाची, कोठली, तिची नोंद कोणत्या वहीत, हे सांगणारे दुसरे साधन आपल्यापाशी उरत नाही.

मोटारीलाही असे दोन बिल्ले असतात. एक सांगाड्यावर, ज्याला आपण चेसिस नंबर म्हणतो, आणि दुसरा इंजिनावर. फरक एवढाच की, हे बिल्ले टोचलेले नसतात. कारखान्यात पोलादी पंच आणि हातोडी घेऊन, किंवा यंत्राने दाबून, ते आकडे धातूतच उमटवलेले असतात. आज मी बोलणार आहे तो या दुसऱ्या बिल्ल्याविषयी, म्हणजे जुन्या गाडीचे इंजिन खोलून नव्याने बांधताना त्यावरचा मूळ क्रमांक कसा सांभाळावा याविषयी.

आता तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या हौशी लोकांचा विषय. सुप्यासारख्या गावात बसून याची उठाठेव कशाला? पण थोडे आठवून पाहा. नगर-पुणे रस्त्यावरच्या आणि त्याच्या आतल्या वाड्यावस्त्यांवरच्या किती गोठ्यांत, किती पत्र्याच्या शेडमध्ये जुनी जीप उभी आहे? कोठे आजोबांची बुलेट आहे, कोठे एखादी फियाट. सुप्याच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, औद्योगिक वसाहत झाली, गावात चार पैसे आले. मुलगा कारखान्यात लागला, आणि त्याच्या मनात आले की आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणावी. ही इच्छा चांगलीच आहे. पण इंजिन लेथवर जाते, चकचकीत होऊन परत येते, आणि त्याच्या अंगावरचे आकडे मात्र गेलेले असतात. नुकसान झाले हे त्या दिवशी कळत नाही. ते कळते कागद करायला गेल्यावर.

जीपचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे तीच जास्त. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी लष्करासाठी या गाड्या लाखांनी बनवल्या. लढाई संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ डिस्पोजलच्या लिलावात निघाल्या आणि मुलकी लोकांच्या हाती आल्या. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईला माझगावात विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. लढाईतल्या त्या विलीज जीपचे इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. त्याचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या अंगाला, पुढच्या बाजूस, तेलाच्या फिल्टरजवळ असलेल्या एका सपाट केलेल्या उंचवट्यावर असतो. फोर्डने बनवलेल्या जीपमध्ये तर गंमत अशी की, सांगाड्यावरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक एकच असे. म्हणजे ही गाडी आणि हे इंजिन जन्मापासून एकत्र आहेत की मध्ये कोणी अदलाबदल केली, हे दोन्ही जागा पुसून पाहिल्या की लगेच कळते. अर्थात लष्करी कारखान्यांत इंजिने सर्रास बदलली जात. तेथे गाडी चालू होणे महत्त्वाचे. जन्मनक्षत्र पाहायला कोणाला वेळ होता? त्यामुळे मूळ जोडी टिकलेली जीप सापडणे हे भाग्याचे काम.

येथे एक घोटाळा आधीच निस्तरला पाहिजे. इंजिनाच्या ब्लॉकवर आकडे अनेक ठिकाणी असतात. त्यांतले काही पृष्ठभागापेक्षा वर उठलेले असतात. ते ओतकामाचे आकडे. लोखंड ज्या साच्यात ओतले त्या साच्यातच ते कोरलेले असतात, आणि त्या साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर ते सारखेच. त्यावरून इंजिनाची जात कळते, व्यक्ती कळत नाही. इंजिन नंबर हा खोलगट असतो, आत दबलेला. बोट फिरवले तर पहिला बोटाला लागतो. दुसऱ्यासाठी नख फिरवावे लागते. कागदावर ओतकामाचा आकडा लिहून देणारे महाभाग आहेत, म्हणून हे सांगितले.

काही इंजिनांवर आकडे ब्लॉकमध्ये नसून पत्र्याच्या लहानशा पट्टीवर असतात, आणि ती पट्टी ब्लॉकला रिव्हेटने जडवलेली असते. ब्रिटनच्या बी.एम.सी. कंपनीच्या बी-सिरीज इंजिनावर अशी पट्टी असे. ज्यांना अशी पट्टी आढळेल त्यांनी ती "साफ करायला" म्हणून काढू नये. रिव्हेट तोडले की ती पट्टी मूळचीच आहे हे सिद्ध करणारा पुरावाच तुटतो. कारण सुटी पट्टी कोणत्याही इंजिनाला लावता येते. पट्टी मोडकळीला आली असेल आणि काढणे भागच असेल, तर आधी छायाचित्र घ्यावे, आणि जुने रिव्हेटसुद्धा चिमटीएवढ्या पिशवीत घालून कागदांबरोबर ठेवावेत.

मग लेथवर नेमके काय होते? इंजिन थकले म्हणजे सिलिंडरचा आतला गोल झिजून लांबट होतो. तेल वर चढते, निळा धूर येतो, जोर जातो. मग ब्लॉक उतरवून लेथवाल्याकडे देतात. तो आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ब्लॉक बुडवून वर्षानुवर्षांचे काळे काढतो. मग बोअर मारतो, म्हणजे सिलिंडर थोडा मोठा करून पुन्हा गोल करतो, आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घालतो. शेवटी, ब्लॉकचा वरचा चेहरा, ज्यावर गॅसकेट आणि हेड बसते तो, वाकडा झाला असेल तर यंत्रावर घासून सपाट करतो. या तीन पायऱ्यांपैकी मधली क्रमांकाला निरुपद्रवी. पहिली आणि तिसरी मात्र घातक होऊ शकतात.

तिसरी आधी पाहू. काही इंजिनांत क्रमांकाची जागा नेमकी त्या वरच्या चेहऱ्याच्याच पातळीत असते. अमेरिकेतल्या शेवरोले कंपनीचे १९५५ पासून निघालेले प्रसिद्ध व्ही-आठ इंजिन हे याचे ठळक उदाहरण. त्यात उजव्या ओळीच्या हेडच्या पुढे ब्लॉकचा एक लहान तुकडा उघडा राहतो आणि त्यावर आकडे असतात. चेहरा घासणारे यंत्र त्या तुकड्यावरूनही फिरते. किती धातू जातो म्हणाल? लेथवाल्यांच्या भाषेत पाच थाऊ, दहा थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर, माणसाच्या केसाच्या तीन-चार पट जाडी. पण ठोकलेल्या आकड्यांची खोलीही फारशी जास्त नसते. एका फेरीत आकडे पुसट होतात, दुसऱ्या फेरीत जातात. त्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे कारखान्यातल्या मूळ यंत्राने त्या जागेवर सोडलेल्या बारीक समांतर रेघा. परदेशातले जाणकार आकड्यांपेक्षा त्या रेघांकडे अधिक संशयाने पाहतात. कारण आकडे पुन्हा ठोकता येतात, पण मूळ रेघा पुन्हा आणणे फार अवघड.

यावर उपाय काय? पहिला उपाय म्हणजे चेहरा घासण्याची खरोखर गरज आहे का, हे पाहणे. चांगली सरळ पट्टी ब्लॉकवर उभी धरावी आणि खाली फीलर गेज घालून पाहावा. अंतर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत असेल, तर घासू नये. आपल्याकडे "आलाच आहे ब्लॉक, तर एक हात मारून देऊ" अशी पद्धत आहे. ती चांगल्या मनाने पडलेली आहे, हे मी नाकारत नाही. पण जुन्या इंजिनाला ती बाधते. घासणे भागच असेल, तर यंत्र त्या उघड्या तुकड्याच्या अलीकडे थांबवता येते. तुकडा चेहऱ्यापेक्षा केसभर उंच राहतो. तेथे गॅसकेट येत नसल्याने बिघडत काही नाही. मात्र हे लेथवाल्याला आधी सांगावे लागते, आणि तोंडी सांगून भागत नाही. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर "या जागेवर यंत्र फिरवू नये" असे लिहून ती चिठ्ठी तारेने ब्लॉकला बांधावी. दुकानात दिवसाला पाच-सहा ब्लॉक येत असतात. ज्याच्याशी तुम्ही बोललात तो मिस्त्री आणि ज्याने यंत्र चालवले तो मुलगा वेगळे असू शकतात.

आपल्या जीपच्या बाबतीत आकडे बाजूच्या उंचवट्यावर असल्याने हा धोका कमी. तेथे शत्रू वेगळे आहेत: तारेचा ब्रश, ग्राइंडरवरची चकती, वाळूचा फवारा आणि रंगाचे थर. माझ्या पाहण्यातली एक जीप आहे. मालकाने इंजिन एका वर्कशॉपमध्ये दिले. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथल्या पोराने मोठ्या प्रामाणिकपणे ग्राइंडरची चकती लावून सगळा ब्लॉक आरशासारखा केला आणि वर चंदेरी रंग दिला. मालक खूश झाले, त्याला वर दोनशे रुपये बक्षीसही दिले. पुढे गाडी पुतण्याच्या नावावर करायची वेळ आली तेव्हा उंचवट्यावर पहिले दोन आकडे आणि शेवटचा एक एवढेच वाचता आले. मधले आकडे त्या चकतीबरोबर गेले होते. चोरी नाही, लबाडी नाही; पण कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे कसे कळावे? त्याच्यापुढे घासलेला क्रमांक आहे, आणि चोरीच्या गाडीची पहिली खूण हीच असते. पुतण्याला त्यापुढे किती हेलपाटे पडले ते सांगत बसत नाही.

कॉस्टिकविषयी शिक्षकमंडळींनी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. कॉस्टिक सोडा ओतीव लोखंडाला फारसे काही करीत नाही, पण ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. बुलेटसारख्या मोटारसायकलीचा क्रँककेस ॲल्युमिनियमचा असतो आणि इंजिन नंबर त्यावरच असतो. तो चुकून लोखंडी ब्लॉकच्या हौदात गेला, तर आकड्यांच्या कडाच विरघळतात. ॲल्युमिनियम मऊही आहे. बफिंगच्या चाकावर दोन मिनिटे जास्त धरले की आकडे जातात, आणि बुलेट चमकावण्याची हौस तर आपल्याकडे भारी! अशा भागाला घासलेट, मऊ ब्रश आणि धीर एवढेच पुरे.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. इंजिन गाडीत असतानाच, म्हणजे पहिला नट सैल करण्याआधी, क्रमांकाची जागा घासलेटने भिजवून ठेवावी, आणि काळे सुटले की फडक्याने किंवा जुन्या दात घासायच्या ब्रशाने पुसावी. तारेचा ब्रश नको, कानसही नको. मग टॉर्च समोरून न धरता अगदी बाजूने, जमिनीला टेकल्यासारखी धरावी. तिरप्या उजेडात आकड्यांच्या सावल्या पडतात आणि पुसटसे आकडेही उठून दिसतात. तशा उजेडात मोबाइलवर दोन-चार छायाचित्रे घ्यावीत. त्यांत निदान एक दुरून घ्यावे, म्हणजे ती जागा ब्लॉकच्या कोणत्या भागावर आहे हे समजेल.

छायाचित्रावर मात्र थांबू नये. पातळ कागद आकड्यांवर घट्ट धरून शिसपेन्सिल आडवी फिरवावी. शाळेत आपण सर्वांनी नाण्याचा छाप घेतला आहे, तसाच हा ठसा. इतिहासाचे अभ्यासक शिलालेखाचा ठसा घेतात तो याच तत्त्वावर. तेथे ओला कागद आणि शाई, येथे कोरडा कागद आणि पेन्सिल. मोटारीच्या नोंदणीच्या कामात चेसिसचा पेन्सिलठसा मागतात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ठशाचा मोठा गुण असा की, तो आकाराला आकार घेतो. वाचणारा माणूस तीनचा आठ करील, एकाचा सात करील, पाचाला इंग्रजी एस समजेल. कागद असे काही करीत नाही. आकड्यांच्या आधी किंवा शेवटी एखादी चांदणी, रेघ किंवा अक्षर असेल तर तेही ठशात आले पाहिजे. त्यांनाही अर्थ असतो.

हा ठसा आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. येथे कधीकधी धक्का बसतो. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकातून संगणकात नोंद उतरवताना आठाचा तीन होणे अगदी शक्य आहे. असा फरक इंजिन खोलण्याआधी सापडला, तर नोंदणी कार्यालयाला गाडी दाखवून दुरुस्त करून घेता येतो, कारण अस्सल पुरावा लोखंडावर अजून शाबूत असतो. इंजिन घासून आणल्यावर सापडला, तर तुमचा शब्द आणि त्यांची नोंद, एवढाच वाद उरतो. एवढे झाले की मग त्या जागेला ग्रीस चोपडून वर चिकटपट्टीचे तीन-चार थर द्यावेत आणि ब्लॉक खुशाल लेथवर पाठवावा. परत आल्यावर तेथे जाड रंग नको. तेलाचा हात किंवा पारदर्शक पातळ लेप पुरेसा आहे.

या सगळ्यापेक्षा मोठा प्रश्न ब्लॉक फुटल्यावर येतो. आपला पारनेर तालुका अवर्षणाचा. विहिरी-बोअरचे पाणी जड, क्षारांचे. तेच वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये घातले की ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांत पांढरा थर बसतो, जसा चुलीवरच्या पातेल्याला बसतो. पाणी फिरेनासे होते, इंजिन तापते. घाटात वाफ येते, आणि ड्रायव्हर घाईघाईने लालबुंद इंजिनात गार पाणी ओततो. ओतीव लोखंड ठिसूळ. ते असे अचानक आकसणे सहन करीत नाही, आणि तडकते. मग मेकॅनिक सांगतो, "अहो, ब्लॉक गेला. भंगारात टाका, दुसरा बघू." हा सल्ला सोपा आहे, पण दर वेळी खरा नसतो. तडा कोठे आहे आणि केवढा आहे यावर सारे अवलंबून आहे. पाण्याच्या वाटेच्या बाहेरच्या भिंतीतला तडा बहुधा सांधता येतो. तड्याच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडतात, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग त्याच्या वाटेवर एकमेकांत अडकतील अशी भोके पाडून त्यांत धातूचे आटे पिळून बसवतात. अक्षरशः टाके घातल्यासारखे. यात उष्णता लागत नाही म्हणून ब्लॉक वाकत नाही. दुसरी रीत वेल्डिंगची: ब्लॉक आधी सावकाश तापवून, निकेलच्या कांडीने जोडून, मग राखेत किंवा वाळूत पुरून तितक्याच सावकाश निववणे. घाईने केलेले वेल्डिंग शेजारी नवा तडा पाडते. त्यामुळे हे काम ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडेच द्यावे.

आणि बोअर शेवटच्या मापापर्यंत मारून झाला असेल, आणखी मोठा पिस्टन मिळत नसेल, तरीही ब्लॉक मेलेला नसतो. सिलिंडर मुद्दाम आणखी मोठा करून त्यात लोखंडाची नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवायची आणि ती पुन्हा मूळ मापाला आणायची. खर्च होतो, पण मूळ ब्लॉक, मूळ आकड्यांसह, आणखी एक पिढी चालतो. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली म्हणून कोणी चाक फेकून देत नाही. लोहाराकडून नवी धाव चढवतो, तसेच हे.

बैलगाडीवरून आठवले. साटा बदलला, आरे बदलले, जूही बदलले, तरी आपण ती आजोबांचीच गाडी म्हणतो. मग मोटारीचे इंजिन बदलले तर ती मूळची राहिली का? हा प्रश्न केवळ गप्पांचा नाही. १९९० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे तो खरोखर आला होता. "ओल्ड नंबर वन" नावाची बेंटले कंपनीची शर्यतीची गाडी फ्रान्समधली ल माँची प्रसिद्ध शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. पुढे तिच्यात इतके बदल झाले, की १९३२ मध्ये तर तिला आठ लिटरचे वेगळेच इंजिन बसवले गेले. तिचा मोठ्या रकमेचा सौदा ठरला आणि घेणाऱ्यांनी हरकत घेतली की, ही ती गाडी नव्हेच. न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल गाडीच्या मालकाच्या बाजूने दिला. या गाडीचे आयुष्य मध्ये कोठे तुटलेले नाही, बदल होत होत तीच गाडी चालत आली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पण हे सिद्ध करायला किती कागद, किती साक्षी आणि किती तज्ज्ञ लागले असतील याची कल्पना करा. आपल्यासारख्याला ते परवडणारे नाही. आपली साक्ष म्हणजे ते सहा-सात आकडे आणि आर.सी. बुक.

आता कायद्याचे बोलतो. थोडक्यात, पण नीट ऐका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्या वेळी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचे असल्यास नोंदणी अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते. संमतीशिवाय बदलले गेले असेल, तर चौदा दिवसांच्या आत कळवून आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते. आपल्याकडे जीपवाल्यांनी हा नियम किती पाळला, हा प्रश्न न विचारलेला बरा. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी विलीजचे इंजिन उतरवले आणि डिझेल बसवले. नाइलाज होता, त्यांना दोष देता येत नाही. ज्यांनी त्या वेळी नोंद करून घेतली त्यांची गाडी आज कागदावर डिझेलची आहे आणि सरळ आहे. ज्यांनी केली नाही, त्यांच्या गाडीत एक क्रमांक आणि पुस्तकात दुसरा. त्यातही उतरवलेले जुने इंजिन शेडच्या कोपऱ्यात पडून असेल, तर ते भंगारवाल्याला घालण्याआधी त्यावरचे आकडे पाहा. पुस्तकातला क्रमांक तेथे निघाला, तर ते भंगार नव्हे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी दुचाकी-चारचाकी गाडीला "व्हिंटेज" म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, आणि पुढच्या नोंदणीला पाच हजार. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नोंदणी क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी, असा नियम आहे. आणि अट अशी की, गाडी मूळ स्थितीत राखलेली असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. बोअर मारणे, रिंगा बदलणे ही दुरुस्ती, तिला कोणी फेरफार म्हणू नये, असे माझे मत. पण क्रमांकच घासलेला असेल, तर हा ब्लॉक मूळचा, आम्ही फक्त दुरुस्त केला, हे सांगणार कोणत्या तोंडाने? तपासणाऱ्या समितीला तेच तर पाहायचे असते.

आकडे गेलेच असतील तर काय करावे? एक गोष्ट मुळीच करू नये: बाजारातून पंच आणून स्वतःच्या हाताने ते पुन्हा ठोकू नयेत. हेतू कितीही शुद्ध असला, तरी तो बनावट क्रमांक ठरतो आणि साध्या अडचणीचा गुन्हा होतो. आपल्या नोंदणी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. लेथवाल्याची पावती, जुनी छायाचित्रे, ठसा, विम्याचे जुने कागद, जे असेल ते जोडावे आणि ते सांगतील तसे करावे.

घासलेला क्रमांक कायमचाच गेला असे मात्र नाही, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना हा भाग आवडेल. वहीच्या पानावर जोर देऊन लिहा, ते पान फाडून टाका, आणि खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिल आडवी फिरवा. फाडलेल्या पानावरची अक्षरे पांढरी उमटतात. धातूचेही तसेच. पंच ठोकताना आकड्याच्या खालचे धातूचे कण दाबले जातात, त्यांची रचना बिघडते, आणि हा बिघाड आकड्याच्या तळापेक्षाही खोल जातो. वरचा थर घासला तरी खालचा दबलेला भाग उरतो. तेथे विशिष्ट आम्लमिश्रण लावले की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या गतीने झिजतात, आणि आकडे क्षणभर भुतासारखे वर येतात. न्यायसहायक प्रयोगशाळांत चोरीच्या गाड्यांचे क्रमांक असेच वाचतात. पोलादासाठी क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण वापरले जाते. ओतीव लोखंड पोलादासारखे दबत नाही, म्हणून तेथे यश कमी येते. हा प्रयोग घरी किंवा शाळेत करण्याचा नाही; आम्लाने एकदा खाल्लेली जागा दुसऱ्यांदा वाचता येत नाही. वहीच्या पानाचा प्रयोग मात्र चौथीची मुलेही करतील.

धातूवरचा जुना लेख सांभाळणे ही आपल्या नगरला काही नवी गोष्ट नाही. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्या रूमी कारागिराचे आणि निजामशहाचे नाव तिच्यावर आहे. पुढे औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर आपल्या विजयाची नोंदही तिच्यावर कोरवली. पण कारागिराचे आणि निजामशहाचे नाव त्याच तोफेवर आजही वाचता येते, आणि म्हणूनच ती नगरची हे आपण ठामपणे म्हणू शकतो. मोटारीच्या इंजिनालाही नवी नोंद हवी असेल, तर ती जुन्या आकड्यांच्या शेजारी करावी. उदाहरणार्थ, इंजिन केव्हा बांधले, बोअर कोणत्या मापाचा, हे लिहून पत्र्याची लहान चकती वेगळ्या बोल्टखाली अडकवावी. पुढे पुन्हा इंजिन उघडणाऱ्याला तिचा मोठा उपयोग होतो.

शिक्षकमंडळींसाठी एक सूचना. नगरला लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ मध्ये सुरू झालेले. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून १९६५ च्या लढाईत हाती लागलेल्या पॅटनपर्यंत अनेक गाड्या तेथे उभ्या आहेत. सहलीला मुले नेली, तर नुसते तोफेपुढे उभे करून छायाचित्र काढू नका. गाड्यांच्या अंगावरचे आकडे आणि खुणा शोधायला सांगा. उठावाचे कोणते, खोलगट कोणते, हे ओळखायला सांगा. हात मात्र लावायचा नाही. आणि परत आल्यावर ज्याच्या घरी जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन असेल, त्या मुलाने मोठ्या माणसाला बरोबर घेऊन त्यावरचा ठसा आणावा. इंजिन थंड असताना.